ट्रॅक्टरला चासी नसते

ट्रकला चासी असते. बैलगाडीची साटी असते तशी ती खालून पसरलेली असते आणि इंजिन, गिअरबॉक्स, केबिन सगळं तिच्यावर बसवलेलं असतं. ट्रॅक्टरला असं काही नसतं. पुढे इंजिनाचा ब्लॉक, मधे क्लच आणि गिअरबॉक्सचं घर, मागे डिफरन्शिअल आणि हायड्रोलिक. बिडाचे हे तीन मोठे तुकडे बोल्टांनी एकमेकांना आवळले की झाला ट्रॅक्टरचा कणा. हेन्री फोर्डच्या फोर्डसनचं उत्पादन १९१७ साली सुरू झालं, आणि त्यानंतर जगभर बहुतेक ट्रॅक्टर याच रीतीने बनत आले. तरीही आरसी बुकात ‘चासी नंबर’ हा रकाना असतोच. महाडमध्ये मी इतकी वर्षं ट्रॅक्टर उघडतो आहे, आणि जुन्या ट्रॅक्टरांचे जे घोळ माझ्यापर्यंत आले त्यातले बहुतेक याच रकान्यातले.

चासीच नाही म्हटल्यावर तिचा नंबर कुठे तरी एका पत्र्याच्या पट्टीवर ठोकलेला असतो. पट्टी रिबिटांनी बसवलेली. रिबिटं निघतात, पट्टी दुसरीकडे बसते. मागचा तुकडा एका ट्रॅक्टरचा, गिअरबॉक्स दुसऱ्याचा आणि इंजिन तिसऱ्याचंच, असा ट्रॅक्टर शेतात वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. मग त्याला म्हणायचं काय, कुठल्या सालचा म्हणायचा, कुणाचा म्हणायचा? बँकेचा माणूस, विम्याचा सर्वेअर, आरटीओ आणि घरातली भावंडं असे सगळे हा प्रश्न घेऊन येतात, आणि पट्टीवरचा नंबर वाचून सांगितला की काम झालं असं प्रत्येकाला वाटतं. नंबर वाचणं हे त्या कामातलं निम्मंसुद्धा नाही.

आमच्याकडे ते आणखी अवघड होतं, कारण महाड-पोलादपूर हा ट्रॅक्टरचा मुलूखच नव्हे. खाली सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या काठाने भाताची खाचरं, तीही बांधाबांधांनी तुटलेली. पोलादपूरकडे वर चढलं की नाचणी-वरीची उताराची जमीन, जिथे बैलजोडी वळवायलासुद्धा हिशेब करावा लागतो. अशा ठिकाणी कोरा ट्रॅक्टर शोरूममधून आणणारा पूर्वी एखादाच. जे आले ते देशावरून, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने. ऊसवाल्या बागाईतदाराने दोन मोठ्या नांगरटींच्या हंगामांनंतर काढून टाकलेला ट्रॅक्टर भोरकडून वरंध घाटाने नाहीतर महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने खाली उतरायचा. इथे त्याला नांगरटीचं काम कमीच. वीटभट्टीची माती ओढायची, ट्रॉली ओढायची, पावसात लोखंडी केज व्हील लावून चिखलणी करायची, कापणीनंतर मळणीयंत्र फिरवायचं. येताना त्याचे कागद निम्मे येत, कधी येतच नसत. ज्या माणसाने तो विकला त्यालाही तो कुणाकडून तरी आलेला असे.

माझे उस्ताद अक्षरं फारशी शिकलेले नव्हते. कदाचित म्हणूनच त्यांनी मला नंबरापासून लांब राहायला शिकवलं. “आधी मोज, मग वाच,” असं ते म्हणत. नोझल मोजायचे, दर सिलिंडरला एक: तीन की चार. गिअरचे लिव्हर मोजायचे. हायड्रोलिकच्या चाप्यावर किती दांडे आहेत ते बघायचं. चाकाचे नट, रेडिएटरची उंची, ब्रेकचे पेडल कुठल्या बाजूला. पट्टी खोटं सांगू शकते. गिअरबॉक्सच्या आतल्या दात्यांची संख्या कुणी गंमत म्हणून बदलत नाही. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून मी त्यांच्याकडे गेलो होतो आणि पुस्तकातली आकृती मला पाठ होती. पण मोजायची सवय त्यांनी लावली.

मोजून झाल्यावर वाचायची वेळ येते. बिडावर दोन जातींचे आकडे असतात. उठावाचे आकडे ओतकामाच्या साच्यातूनच आलेले असतात. तो त्या भागाचा नंबर; हजारो ट्रॅक्टरांवर तोच. ठोकलेले आकडे पंचने एकेक करून मारलेले असतात आणि तेच त्या एका यंत्राचे. जुन्या आरसी बुकांत उठावाचा नंबर चासी नंबर म्हणून चढलेला मी पाहिला आहे. ठळक दिसतो, पुसावा लागत नाही, लिहिणाऱ्याला तोच सोयीचा. पण तसा नंबर असलेले ट्रॅक्टर अख्ख्या तालुक्यात कितीही निघतील.

ठोकलेला नंबर वाचण्यासाठी घाई करून चालत नाही. आधी घासलेटचा बोळा फिरवून वंगणाचा थर मऊ करायचा. मग पितळी तारेचा ब्रश. पोलादी तारेचा नको, आणि ग्राइंडर तर कुणी जवळसुद्धा आणू नये. खाचेत बसलेला गंज दाभणाने हलक्या हाताने काढायचा. मग खडूची कांडी आडवी धरून वरून घासायची, म्हणजे वरचा भाग पांढरा होतो आणि खाचा काळ्या राहतात. उन्हात नंबर नीट दिसत नाही. ट्रॅक्टर पत्र्याखाली घ्यावा, अंधार करावा आणि विजेरी लोखंडाला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. खाचेची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते. मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवायचं. आरटीओत हाच पेन्सिल ट्रेस लागतो. मी तो नेहमी दोनदा काढतो, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, कारण ३ आणि ८, ५ आणि ६, १ आणि ७ यांचे घोटाळे एका दिशेच्या घासणीत लपतात.

नंबर पुसट झाला म्हणून पुन्हा पंच मारून ‘ताजा’ करणारे लोक असतात. त्यांच्या मनात काळंबेरं नसतं, पण तपासणाऱ्याच्या नजरेत तो ट्रॅक्टर त्या क्षणी चोरीचा ठरतो. आणि पुसट नंबर हा हरवलेला नंबर नसतो. पंच बसतो तेव्हा खाचेखालचं लोखंडही दाबलं जातं. वरचा थर घासला गेला तरी ते दाबलेलं लोखंड तिथेच असतं, आणि रसायन त्याला शेजारच्या लोखंडापेक्षा वेगळ्या गतीने खातं, म्हणून आकडा पुन्हा वर येतो. न्यायसहायक प्रयोगशाळांमध्ये चोरीच्या गाड्यांचे खोडलेले नंबर असेच उठवतात. पोलादावर ते चांगलं साधतं, बिडावर अवघड जातं. माझं म्हणणं एवढंच, की हात लावू नका. आज वाचता येत नसेल तर उद्या वाचणारा कुणीतरी भेटेल.

२२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरलं. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही डोंगर खाली आले. त्या दिवसांबद्दल लिहिण्याची ही जागा नव्हे. माझ्या कामापुरतं सांगायचं तर पाणी ओसरल्यावर गाळाचा जो थर राहिला त्यात शेकडो घरांचे कागद होते. सातबारे, पासबुकं, रेशनकार्डं, आरसी बुकं. कपाटाच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद सर्वांत आधी लगदा झाला, कारण पिशवीत शिरलेलं पाणी बाहेर गेलंच नाही. गॅरेजमध्ये लोक यंत्रं घेऊन येण्याआधी निरोप येत होते. प्रत्येकाला मी एकच सांगत होतो: स्टार्टर मारू नका. पाण्यात बुडालेलं इंजिन फिरवलं की सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढा, ऑईल सोडा, ते दुधासारखं पांढरं आलं तर समजा आत पाणी आहे. मग हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, डिझेल भरून ठेवा.

त्या पावसाळ्यानंतर सावित्रीकाठच्या एका वाडीतून एक मुलगा आला. “काका, आमच्या ट्रॅक्टरची आरसी गेली. डुप्लिकेट काढायची तर चासी नंबर पाहिजे म्हणतात,” म्हणाला. आजोबांनी घेतलेला ट्रॅक्टर होता. घरात सगळे त्याला ‘मॅसी’ म्हणत. पुण्याचे एक गृहस्थ, जुने ट्रॅक्टर जमवणारे, तो विकत घ्यायला तयार होते. त्यांच्या मते ती १९५० च्या आसपासची विलायती फर्ग्युसन होती. आजोबांनी ती कोरी करकरीत आणली असं मुलाने लहानपणापासून ऐकलेलं.

गाडी पाहिल्यावर गृहस्थ काय बघून भुलले ते कळलं. बुटका, सडपातळ, गोलसर बॉनेटचा, निळ्या ऑईलपेंटच्या खाली राखाडी रंग: फर्ग्युसन टीई-२० चीच ठेवण. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेनवरच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात हे ट्रॅक्टर पाच लाखांवर बनले. मागची तीन टोकांची जोडणी आणि हायड्रोलिकने औजार उचलण्याची हॅरी फर्ग्युसनची युक्ती आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरवर आहे. एव्हरेस्टवीर हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचले तेही फेरफार केलेल्या याच ट्रॅक्टरांवरून. असं यंत्र सावित्रीच्या काठी गाळात उभं बघितलं तेव्हा माझ्या हातांना खरोखर घाई सुटली होती.

पण आधी मोजलं. नोझल तीन. इथेच पहिली गाठ पडली. या जातीतल्या डिझेल ट्रॅक्टरला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन असे. कारखान्यातून तीन सिलिंडरचं कधीच येत नसे. मग लिव्हर. मॅसी फर्ग्युसन ३५ असती तर गिअरचे दोन लिव्हर सापडले असते, एक गिअरचा आणि एक हाय-लोचा, आणि मागे हायड्रोलिकच्या चाप्यावर दोन दांडे. इथे गिअरचा लिव्हर एकच, आणि तो ‘एस’च्या खाचेत ढकलला की स्टार्टर लागायचा. ही टीई-२० ची खूण. न्यूट्रलमध्ये आल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये म्हणून केलेली सोय. हायड्रोलिकच्या चाप्यावर दांडा एकच. म्हणजे मधला आणि मागचा तुकडा फर्ग्युसनचाच, पुढचा नाही. इंजिन आणि क्लचच्या घराच्या मधे बोटभर जाडीची एक चकती होती, कडेला लेथवर कापल्याच्या रेघा. एका घराण्याचं इंजिन दुसऱ्या घराण्याच्या गिअरबॉक्सला जोडायचं तर भोकं जुळत नाहीत, तेव्हा अशी चकती बनवावी लागते. इंजिन होतं चेन्नईच्या सिम्पसनचं, पर्किन्सच्या नमुन्यावर बनलेलं. ते देशात सगळीकडे होतं, त्याचे पिस्टन, लायनर आणि नोझल कुठेही मिळत. कॉव्हेंट्रीच्या इंजिनाचे भाग मिळेनात तेव्हा कुणा जाणत्या मेकॅनिकने हा उपाय केला असणार. काम इतकं चोख होतं की चकतीच्या जोडातून ऑईलचा थेंबही गळत नव्हता.

पट्टी स्टिअरिंगच्या खाली, डॅशवर होती. तिच्यावर ऑईलपेंटचे थर. थिनरचा बोळा लावून, एकेक थर मऊ करून काढला. निळ्याखाली लाल, लालखाली राखाडी; आणि राखाडी रंग रिबिटांच्या डोक्यांवरून सलग गेलेला. हे महत्त्वाचं. पट्टी मागाहून बसवली असती तर राखाडी रंग तिच्या कडेला तुटलेला दिसला असता. आकडे पुढे आले: टी, ई, एफ, मग २०, मग सहा अंकी नंबर. टीई म्हणजे इंग्लंडात बनलेला ट्रॅक्टर आणि तिसरं अक्षर इंजिनाचं. ए म्हणजे स्टँडर्डचं पेट्रोल इंजिन, डी म्हणजे रॉकेलच्या जातीचं ट्रॅक्टर-तेल जाळणारं, एफ म्हणजे डिझेल. टीईएफ १९५१ मध्ये सुरू झाली. सगळ्या जातींचे नंबर एकाच ओळीत, एकापुढे एक दिलेले असल्याने साल काढणं सोपं जातं. ३ लाख ११ हजारांच्या जरा मागून १९५३ चे नंबर सुरू होतात आणि ३ लाख ६८ हजारांपाशी १९५४ लागतं. आमचा नंबर ३ लाख ४० हजारांच्या घरातला. म्हणजे १९५३.

पुण्याच्या गृहस्थांचा अंदाज तीन वर्षांनी चुकला, पण ट्रॅक्टर त्यांनी बरोबर ओळखला होता. आणि घरचं ‘मॅसी’ हे नाव तसं नंतरचं: १९५३ साली मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन या कंपन्या एकत्र आल्या आणि ‘मॅसी फर्ग्युसन’ हे नाव १९५८ पासून चालू झालं. चेन्नईच्या टॅफेने पुढे मॅसी ३५ चा देशी अवतार १०३५ म्हणून काढला आणि तो इतका खपला की त्या वळणाच्या प्रत्येक ट्रॅक्टरला लोक मॅसी म्हणू लागले.

आता प्रश्न राहिला कागदाचा. ट्रॅक्टरवर तीन अक्षरी जुना नंबर रंगवलेला होता, म्हणजे नोंदणी १९८९ च्या आधीची. एमएच-०६ असतं तर पेणच्या आरटीओत शोधता आलं असतं. जुनी नोंद कुठल्या जिल्ह्यातली हे घरात कुणाला सांगता येईना. अशा वेळी मी सातबारा मागतो. ट्रॅक्टरसाठी लोक जमीन गहाण ठेवतात, आणि कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढतो. बोजा चढला की फेरफार होतो, फेरफाराला नंबर आणि तारीख असते. आज सातबारा कोरा दिसला तरी जुन्या फेरफारात नोंद राहते. या घरच्या जमिनीवर एका सहकारी बँकेचा बोजा चढल्याची नोंद मिळाली आणि पुढे काही वर्षांनी तो कमी झाल्याचीही. पहिल्या नोंदीचं साल १९८४. नोंदीत नोंदणीकृत गहाणखताचा दस्त क्रमांक होता. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून त्या दस्ताची नक्कल मिळाली आणि तिच्या परिशिष्टात, शेवटच्या पानावर, टाइपरायटरची अक्षरं: ‘ट्रॅक्टर मॅसी, जुना’, गाडी नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर.

‘जुना’ हा शब्द वाचून मुलाचा चेहरा उतरला. आजी ओटीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “नवा कुठला? ह्यांनी आंबेनळीतनं उतरवला तेव्हा ब्रेक एकाच बाजूचा लागायचा. गिरणीचा संप झाला, हे गावाला आले, पीएफचे होते ते पैसे आणि वर बँकेचं कर्ज. वळणावर उतरून दगड लावायचे आणि मग पुढे.” मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. महाड-पोलादपूरची किती माणसं त्या गिरण्यांत होती ते इथल्या कुठल्याही वाडीत विचारावं. आजोबा गिरणीत फिटर होते, हेही आजींनीच सांगितलं. ते ऐकल्यावर ट्रॅक्टरमधली पुष्कळ बारीक कामं मला उलगडली: हाताने घडवलेल्या पिना, कातून बसवलेले बुश, मडगार्डला लावलेले गिरणीतल्यासारखे पितळी ग्रीस-निपल.

गहाणखतातला इंजिन नंबर सिम्पसनच्या पट्टीवरच्या नंबराशी अंक न् अंक जुळला. म्हणजे इंजिनाची अदलाबदल १९८४ पूर्वी, देशावरच झाली होती. इथे कुणी काही बदललं नव्हतं. चासी नंबर मात्र जुळेना. पुढचे पाच अंक तेच, पहिला वेगळा. पट्टीवर ३, दस्तात ८. आरटीओतल्या मूळ नोंदीतही ८ च असणार, कारण दस्त आरसी बुकावरूनच टाइप झालेला. असा फरक असला की अर्ज परत येतो, आणि तपासणाऱ्याच्या जागी मी असतो तरी परत पाठवला असता. दोन नंबर म्हणजे दोन ट्रॅक्टर.

इथे त्या जुन्या नंबरांच्या ओळीने हात दिला. टीई-२० चं उत्पादन १९५६ मध्ये थांबलं तेव्हा नंबर ५ लाख १७ हजारांच्या पुढे गेला होता. ८ लाखांचा नंबर असलेला टीई-२० जगात कुठेही बनला नाही. म्हणजे ८ चुकीचा असणार हे पट्टी न बघतासुद्धा सिद्ध होतं, आणि पट्टीवर ३ स्पष्ट आहे. दोन्ही दिशांनी काढलेले पेन्सिल ट्रेस, विजेरी आडवी धरून काढलेले फोटो, एका लिव्हरचा फोटो, तीन नोझलांचा फोटो, गहाणखताची नक्कल आणि फेरफाराचा उतारा असं सगळं अर्जाला जोडलं. गाडी नंबरावरून मूळ नोंद घाटावरच्या जिल्ह्यात निघाली. तिथून खात्री, मग दुरुस्ती, मग जुन्या नोंदीची संगणकात बॅकलॉग एंट्री, मग डुप्लिकेट आरसीचा फॉर्म २६. वेळ लागला. पण कुठेही कुणाला खोटं सांगावं लागलं नाही, आणि पंचला हात लावावा लागला नाही.

प्रत्येक ट्रॅक्टर इतका बोलका नसतो. त्याच सुमाराला एका ठेकेदाराच्या आवारात फोर्ड ५००० पडलेला होता, इंग्लंडात बॅसिल्डनच्या कारखान्यात बनलेला. १९६५ च्या आगेमागे फोर्डने ठोकायला सुरुवात केलेली तारीख वाचायला सोपी: पहिला अंक सालाचा शेवटचा अंक, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग पाळीचं अक्षर. महिन्यांत ‘आय’ गाळलेला, म्हणून डिसेंबर म्हणजे ‘एम’. या ट्रॅक्टरवर पहिला अंक ५. आता तो १९६५ चा की १९७५ चा? ५००० हे मॉडेल दोन्ही साली बनत होतं. इथे उठावाचे आकडे कामाला आले. फोर्डच्या भागांच्या नंबरात पहिलं अक्षर दशकाचं: सी म्हणजे साठचं दशक, डी म्हणजे सत्तरचं, आणि पुढचा अंक त्या दशकातल्या सालाचा. बहुतेक बीड सी-५ चं होतं, त्यावरून ठेकेदाराने १९६५ ठरवून टाकलं होतं. पण ते साल तो भाग आखल्याचं, ओतल्याचं नव्हे. आखलेला भाग पुढे दहा वर्षं ओतत राहतात. शोधत गेलो तर हायड्रोलिकच्या झाकणाच्या आतल्या अंगाला डी-३ सापडलं, आणि त्या झाकणाचे बोल्ट कधीच उघडलेले नव्हते. १९७३ साली आखलेला भाग १९६५ च्या ट्रॅक्टरमध्ये कारखान्यातून बसून येऊ शकत नाही. ट्रॅक्टर १९७५ चा. एका अंकाने दहा वर्षांचा फरक.

जुन्या इंटरनॅशनल बी-२७५ बद्दल एक सांगून ठेवतो, कारण आमच्या भागात ते पुष्कळ आहेत. मूळ ब्रिटिश, मग महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये मिळून काढलेल्या कंपनीने ते मुंबईत बनवायला घेतले. घरोघर ऐकू येतं, की आमचा इंग्लंडचा. इंजिनावर बीडी-१४४ दिसलं की लोकांना ते विलायतीपणाचं प्रमाणपत्र वाटतं. ते फक्त इंजिनाच्या जातीचं नाव आहे, १४४ घनइंच डिझेल. कांदिवलीच्या ट्रॅक्टरात कमीपणा कसला? इथल्या चिखलात तो जितका राबला तितका विलायती राबला नाही.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत ट्रॅक्टर पोचतच नाही. तिथे पॉवर टिलर. त्याचा नंबर इतका खाली असतो की चिखलणीच्या प्रत्येक हंगामात तो दगडांवर घासला जातो, आणि कागद अनुदानाच्या फाइलीबरोबर गेलेले. तिथे मी हल्ली यंत्र नवं असतानाच पेन्सिल ट्रेस काढून देतो आणि घरात फोनमध्ये, मुंबईच्या नातेवाइकाच्या फोनमध्येही, त्याचा फोटो ठेवायला लावतो. ट्रॉलीचासुद्धा. ट्रॉलीची वेगळी नोंद असते हे अपघात झाल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

फर्ग्युसनचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुण्याचे गृहस्थ आरसी आल्यावर पुन्हा आले. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले आणि इंजिन मूळ नाही म्हणून देऊ केलेली रक्कम कमी केली. त्यांच्या बाजूने ते रास्त होतं. त्यांच्या लेखी मूळ म्हणजे कॉव्हेंट्रीच्या फाटकातून बाहेर पडला तसा. इंग्लंडातून जुनं स्टँडर्ड इंजिन मिळवून मी ते बसवून देईन का असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. सिम्पसनचं इंजिन या ट्रॅक्टरात चाळीसेक वर्षं आहे, मूळ इंजिन फार तर तीसेक वर्षं होतं. महाड-पोलादपूरच्या रस्त्यांवर आणि खाचरांत राबलं ते हेच. ते उतरवून ठेवायचं म्हणजे आंबेनळी उतरून आलेला ट्रॅक्टरच अर्धा फेकून द्यायचा. चकती बनवणारा तो अनोळखी मेकॅनिक आणि एका बाजूच्या ब्रेकवर घाट उतरवणारा फिटर हे दोघेही त्या यंत्राच्या इतिहासात कारखान्याइतकेच बसतात, असं मला मनापासून वाटतं आणि ते मी त्यांना सांगितलं.

मूल्यांकनाच्या कागदावर मी लिहिलं: फर्ग्युसन टीईएफ-२०, गिअरबॉक्स आणि मागचा भाग १९५३, इंजिन सिम्पसन, तीन सिलिंडर, १९८४ पूर्वी बसवलेलं, पट्टी आणि रिबिटं मूळची दिसतात, तसं मानण्याची कारणं जोडली आहेत, पुराच्या पाण्यानंतर इंजिन उघडून दुरुस्त, चालू. मुलाने ट्रॅक्टर विकला नाही. गृहस्थ पट्टीच्या पेन्सिल ट्रेसची एक प्रत आणि आजींच्या हातचा चहा घेऊन गेले, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गिअरबॉक्सच्या ऑईल सीलची मापं पाठवली, जी मला बाजारात कुठेच मिळत नव्हती.